ब्रेक पॅड बदलल्यावर चाक घासतंय? नवे पॅड काढायच्या आधी हे बघा

पॅड बदलले, गाडी जॅकवरून खाली उतरवली, गल्लीतून एक फेरी मारली आणि डाव्या पुढच्या चाकातून 'खस्स… खस्स… खस्स' सुरू झालं, की पहिला संशय पॅडवरच जातो. दुकानदारानं डुप्लिकेट माल गळ्यात मारला असणार. माझंही सुरुवातीला तेच व्हायचं. एकदा तर चांगले पॅड काढून त्याहून महागडे आणून बसवले. आवाज जिथल्या तिथं, खिसा तेवढा हलका.

मी मेकॅनिक नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासायचं काम करतो आणि रविवारी कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली सापडतो. घरची, भावाची, गल्लीतली अशा बऱ्याच गाड्यांचं हे एकच दुखणं बघून माझं मत पक्कं झालंय. काम झालं त्याच दिवशी आवाज सुरू झाला असेल, तर काम करताना हात कुठं कुठं लागला ते आठवा. आणि कुठं लागायला हवा होता पण लागला नाही, तेही आठवा. दहातल्या आठ वेळा चोर तिथंच सापडतो.

खालचं सगळं पुढं डिस्क आणि मागं ड्रम असलेल्या साध्या गाडीसाठी आहे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, हब म्हणजे ती थाळी आणि चाक ज्यावर बसतं तो भाग, आणि कॅलिपर म्हणजे आतल्या पिस्टनच्या जोरावर पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा.

आधी आवाज ओळखा

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'खस्स' आणि ब्रेक दाबला-सोडला तरी तसाच: डिस्कमागचा पत्रा घासतोय, नाहीतर डिस्क हबवर तिरकी बसलीय.

चालताना बारीक 'चीं' आणि ब्रेकवर पाय ठेवला की गप्प: पॅड सैल आहे, क्लिप राहिलीय, किंवा पॅडची झीज सांगणारी पट्टी डिस्कला टेकतेय.

ब्रेक दाबल्यावरच किंचाळतो, तेही गाडी थांबता थांबता: पॅड अजून बसले नाहीत, मागच्या पातळ पट्ट्या म्हणजे शिम टाकल्या नाहीत, किंवा पॅडला ग्रीसचे हात लागलेत.

पुढं जाताना पहिल्या ब्रेकला एकच 'टक', रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की पुन्हा एक 'टक': पॅड ब्रॅकेटमध्ये, म्हणजे तो ज्यात बसतो त्या चौकटीत, सरकतोय.

आवाज फारसा नाही, पण गाडी जड वाटते, न्यूट्रलला टाकली की वेग लगेच मरतो, एक चाक तापतं, जळका वास येतो: ब्रेक सुटतच नाही. हे सगळ्यात वाईट. इथं 'बघू पुढच्या रविवारी' चालणार नाही.

वेग वाढेल तसा घुमणारा 'घूंऽऽ', ब्रेकशी संबंध नाही, पण वळणावर कमी-जास्त होतो: हा बहुतेक बेअरिंगचा. तो आधीपासून असतो. जुन्या पॅडच्या कर्कश्श आवाजाखाली झाकलेला असतो, ते गेले की ऐकू येतो.

कुठलं चाक हेच कळत नसेल तर एक सोपी युक्ती. दोन्हीकडं कंपाउंडच्या भिंती असलेली अरुंद गल्ली गाठा, काचा खाली, एसी आणि गाणी बंद, १५-२० च्या वेगानं जा. भिंत आवाज परत फेकते आणि डावं की उजवं हे लगेच समजतं. आपल्या पेठांत अशा गल्ल्यांना तोटा नाही. फक्त सकाळी लवकर जा, नाहीतर दुधाच्या गाड्यांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही.

जॅक न लावता

पावसाळ्यात गाडी रात्रभर बाहेर उभी होती का? मग सकाळचा पहिला खरखराट सोडून द्या. डिस्क ग्रे कास्ट आयर्नची असते. तिच्यातला ग्रॅफाइट थरथर पिऊन टाकतो म्हणून तर ती ब्रेकला वापरतात, पण तिला गंज चढायला एक ओली रात्र पुरते. तीन-चार ब्रेक मारल्यावर आवाज गेला तर ते दुखणंच नाही.

मग हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा. हसू नका, मी स्वतः एका दातावर अडकलेला हँडब्रेक ठेवून मागचा ड्रम खोलून बसलोय. त्यानंतर गाडी भिंतीकडं पाठ करून उभी करा आणि पॅडलवर पाय नसताना ब्रेकलाइट भिंतीवर लाल दिसतेय का बघा. दिसत असेल तर पॅडल पूर्ण वर येत नाहीये. पायाखालची जाड मॅट पॅडलला अडकली असेल तरी असं होतं, आणि त्यात चारही ब्रेक थोडे थोडे पकडून राहतात.

ब्रेक ऑइलची पातळीही आत्ताच बघून घ्या. नवे पॅड बसवताना पिस्टन मागं दाबला की ऑइल वरच्या डबीत परत येतं. जुने पॅड झिजलेले असताना कुणी डबी भरून ठेवली असेल तर ते बाहेर सांडतं आणि रंग खातं. लगेच पाण्यानं धुवा. उलट पॅड नवे असूनही पातळी कमी असेल, तर ऑइल कुठून तरी गळतंय.

आता पॅड 'बसवणं'. नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढावा लागतो. तो ठिगळासारखा चढला तर ब्रेक चिरकतो आणि पॅडल थरथरतं. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० चा वेग घ्या, दमानं पण ठामपणे ब्रेक दाबत १०-१५ पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, सोडा, पुन्हा वेग घ्या. मध्ये अर्धा मिनिट गाडी चालू द्या. असं आठ-दहा वेळा. मग पाच-सात मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारणं टाळा. आणि शनिवारी रात्री पॅड बदलून रविवारी पहाटे गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायला काढू नका. नवे पॅड आणि लांबलचक उतार यांचं जमत नाही. तापलेल्या डिस्कवर वॉशिंग सेंटरला पाण्याचा फवारा मारू द्यायचा नाही, हेही इथंच सांगतो.

एवढं करून आवाज राहिला तरच पाना हातात घ्या.

चाक हवेत, पण अजून नट सोडायचे नाहीत

सपाट जागा, जमिनीवर राहणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या चाकांना दगड किंवा लाकडी पाचर, जॅकबरोबर स्टँड. स्टँड नसेल तर गाडीखाली शिरायचं काम आजच्यापुरतं रद्द. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक स्टँड म्हणून अजिबात वापरू नका. ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात.

गिअर न्यूट्रलला टाका आणि चाक हातानं फिरवा. डिस्क ब्रेकमध्ये पॅड डिस्कपासून जेमतेम केसभर लांब असतो, त्यामुळं हलकीशी घासट असणारच. ती बघून घाबरू नका. पुढच्या चाकाला गिअरबॉक्सचं ओझंही लागतं. म्हणून दुसऱ्या बाजूचं चाकही उचलून फिरवा आणि दोन्ही सारखी फिरतायत का बघा. डावं हलकं आणि उजवं जड असेल तर काम उजव्या चाकात. दोन्ही सारखी फिरतात पण एकीकडं फेऱ्याला एकदाच 'खस्स' होतं, तर आधी पत्रा बघा.

हा पत्रा म्हणजे डिस्कच्या मागं असलेलं पातळ ताट. पाणी-चिखल अडवायला असतं. कॅलिपर बाजूला करताना कोपर टेकला, टॉमी म्हणजे पान्याची लांब दांडी अडकली, तरी तो वाकतो. शेजारच्या काकांच्या गाडीचं तेच झालं होतं. महिन्यात दोनदा पॅड बदलून झाले होते. मी खाली वाकून चाकाच्या आतून बॅटरी मारली. सगळा पत्रा तांबूस गंजलेला आणि खालच्या कडेला बोटाएवढी एकच रेघ, नव्या रुपयासारखी चकचकीत. डिस्क तिथं टेकत होती. मोठ्या स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून पत्रा तीन-चार मिलिमीटर मागं ढकलला आणि चाक फिरवलं. गप्प.

काका म्हणाले, "एवढंच होतं व्हय रं?"

एवढंच होतं. पण दोन वेळच्या पॅडचे पैसे गेले ते गेले.

पत्रा आणि डिस्कच्या फटीत खडा अडकला तरी अगदी असाच, नाहीतर याहून भयंकर आवाज येतो. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातला चिखल आणि खडी रस्त्यावर आणून टाकतात, तेव्हा हे फार होतं. पत्रा थोडा हलवून चाक उलटं फिरवलं की खडा बहुतेकदा आपोआप पडतो.

चाक काढल्यावर

ब्रेकची धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्यानं पुसा. नवी डिस्क टाकली असेल तर तिला गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेल लावून येतं. ते न पुसता बसवली असेल तर पॅडनं तेल पिऊन घेतलं असणार. तसा पॅड घासून, तापवून सुधारायच्या नादी लागू नका. बदला.

पॅड आत-बाहेर बरोबर आहेत ना? झीज सांगणारी छोटी स्टीलची पट्टी बऱ्याच गाड्यांत आतल्या पॅडला असते. आतला पॅड बाहेर गेला किंवा डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली की ती भलत्याच ठिकाणी टेकते आणि नवा कोरा पॅड 'मी संपलो' म्हणून ओरडत सुटतो. मी हा पराक्रम केलेला आहे.

पॅडचे कान ज्या खोबणीत बसतात तिथल्या स्टीलच्या क्लिपा काढा आणि त्यांच्याखाली बघा. तिथं गंज फुगतो, क्लिप वर उचलते आणि पॅड आवळला जातो. वायर ब्रशनं खोबण स्वच्छ करा, क्लिप परत बसवा. पॅड बोटानं सरकला पाहिजे. हातोडीनं ठोकून बसवलेला पॅड ब्रेक सोडल्यावर मागं येत नाही. पॅडच्या कानावर रंगाचा जाड थर असेल तर दोन हात कानस मारा, त्याहून जास्त नको. आणि क्लिपच नसतील, 'जुन्या हरवल्या, चालतंय' असं कुणी म्हणालं असेल, तर तुमची 'टक-टक' तिथंच आहे.

डिस्क जुनीच ठेवली असेल तर तिच्या कडेला नखानं चाचपा. वर्षानुवर्षं घासून मधला भाग खोल जातो आणि बाहेरची कड वर राहते. नव्या पॅडचं टोक त्या कडेवर चढतं आणि घासतं. डिस्क लेथवर घेता येते, म्हणजे फेसिंग करून सपाट करता येते, उद्यमनगरात हे काम करणारे आहेत, पण आधी जाडी मोजा. कमीत कमी जाडी डिस्कवरच उठवलेली असते. फेसिंग केल्यावर त्याच्याखाली जात असेल तर डिस्क भंगारात. चार पैसे वाचवून पातळ डिस्कवर घाट उतरायचा नाही.

हबवरचा गंज

याला मी जरा जास्त वेळ देणार आहे, कारण गॅरेजमध्ये घाईत हमखास राहून जातं ते हेच.

डिस्क हबच्या सपाट तोंडावर बसते. त्या तोंडावर एका बाजूला कागदाएवढा गंजाचा पापुद्रा राहिला तरी डिस्क तिरकी होते, आणि डिस्कचा व्यास हबच्या जवळजवळ दुप्पट असल्यानं कडेला हा तिरकेपणाही दुपटीच्या आसपास दिसतो. मग प्रत्येक फेऱ्याला डिस्क एका पॅडला ढुशी देते. सुरुवातीला नुसती 'खस्स'. काही हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडीच ठिकठिकाणी कमी-जास्त होते आणि ब्रेक मारल्यावर पॅडल पायाखाली धडधडायला लागतं. लोक म्हणतात डिस्क 'वाकली'. ती मुळात सरळ बसलेलीच नव्हती.

भावाच्या गाडीला नव्या डिस्क टाकल्या तेव्हा उजवी घासत होती. कंपनीतून डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप, आणलं, डिस्क चाकाच्या नटांनीच घट्ट केली आणि कडेपासून थोडं आत गेज टेकवून हळूहळू फिरवलं. काटा १५ शतांश मिलिमीटर पळाला. गाडीनुसार मर्यादा वेगळी, पण ५ ते १० शतांशच्या वर गेलं की मला झोप लागत नाही. डिस्क काढली. हब वरून बघायला स्वच्छ. पण चाकाच्या बोल्टच्या मुळाशी, जिथं ब्रश सहज जात नाही, तिथं गंजाचं कडं बसलेलं. पातळ छिन्नीनं हलकंच टोचल्यावर भाकरीचा पापुद्रा निघावा तसा अख्खा तुकडा सुटला. वायर ब्रश, पॉलिश पेपर, पुसून परत तीच डिस्क. काटा ४ शतांशवर. त्या डिस्क अजून चालतायत.

डायल गेज नसेल तरी हब घासायला कोण अडवतंय? डिस्कच्या आतलं तोंडही घासा, आणि परत लावताना चाकाचे नट समोरासमोर, आडवे-उभे आवळा. एकच नट आधी पूर्ण आवळला तरी डिस्क तिरकी बसू शकते. कितीचा टॉर्क ते गाडीच्या पुस्तकात असतं. पायानं टॉमीवर उभं राहून आवळणाऱ्याला लांब ठेवा.

कॅलिपरच्या पिना

चाक तापत असेल, किंवा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलेला निघाला असेल, तर पिना बघा. कॅलिपर दोन पिनांवर पुढं-मागं सरकतो. पिन कोरडी पडली किंवा रबरी बुटातून पाणी शिरलं की कॅलिपर सरकत नाही आणि ब्रेक सुटत नाही. बाहेर काढा, पुसा, गंजाचे खड्डे असतील तर पिन बदला. आणि ग्रीस ब्रेकसाठीचं सिलिकॉनचंच. चासीला मारतात ते ग्रीस इथं लावलं की बुटाचं रबर फुगतं आणि पिन महिनाभरात पुन्हा पकडते. कितीतरी गाड्यांत दोन पिना सारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. काढताना कुठली वरची, कुठली खालची याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पिस्टन आणि होज: इथं फक्त निदान करा

पिना मोकळ्या, पॅड मोकळा, तरीही चाक जाम. आता ब्रेक दोन-चारदा दाबून सोडा, चाक जाम झाल्याची खात्री करा, चष्मा घाला आणि कॅलिपरचं एअर काढायचं निपल नळी लावून पाव फेरा सोडा. ऑइलची पिचकारी येऊन चाक लगेच सुटलं, तर आत दाब अडकून राहत होता. कॅलिपरला ऑइल नेणारी रबरी नळी म्हणजे होज आतून सुजलाय, किंवा गोष्ट पॅडलच्या जोरानं ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपर्यंत गेलीय. असा होज बाहेरून धडधाकट दिसतो. तो पायाच्या जोरावर ऑइल जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. जुना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवून काम केलं असेल तर तो तिथंच दुखावलेला असतो. कॅलिपर नेहमी तारेनं स्प्रिंगला टांगा.

निपल सोडूनही चाक जामच, तर पिस्टन आत गंजलाय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत असे पिस्टन मी पाहिलेत. निपल लगेच बंद करा, ऑइल भरून घ्या आणि हत्यारं आवरा. होज, पिस्टनचं सील, मास्टर सिलिंडर हे मिस्त्रीचं काम आहे. मी स्वतः ते करत नाही.

मागचा ड्रम

थोडक्यात सांगतो. नवे लायनर, म्हणजे ड्रमच्या आतून घासणारे ब्रेकचे तुकडे, टाकले की आधी लायनर ॲडजस्ट करायचे आणि मग हँडब्रेकची केबल. उलट केलं तर मागची चाकं कायम घासतात. जुन्या ड्रमच्या आतल्या कडेला वर आलेली कड लायनरला लागते, ती लेथवर काढून घ्या. लायनर ज्या पत्र्यावर टेकतात तिथले ठिपके कोरडे असतील तर ब्रेक मारल्यावर चरचर होते. तिथं मुगाच्या दाण्याएवढं ब्रेकचं ग्रीस, जास्त नको.

मागं डिस्क आणि हँडब्रेक बटणाचा असेल तर हात लावू नका. तो पिस्टन नुसता दाबून मागं जात नाही. मशिन लावून मोटर मागं घ्यावी लागते, जबरदस्ती केली की ती मोडते.

गाडी हलवायची नाही, मिस्त्रीला जागेवर बोलवायचं

पॅडल मऊ पडलं किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातंय. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसतंय. धूर येतोय. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी 'कर्रर्र' येतेय. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढतेय. ब्रेकचा लाल दिवा पेटलाय. यातलं एक जरी असलं तरी 'हळूहळू नेतो गॅरेजपर्यंत' म्हणू नका. टोइंगला लागतील तेवढे पैसे लागू देत.

चाक तापतंय का हे बघायला डिस्कला हात लावू नका. दहा मिनिटं चालवून आल्यावर रिमजवळ हात धरा आणि दोन्ही बाजूंची तुलना करा. कोरोनात घेतलेली कपाळाची थर्मामीटर गन इथं कामाची नाही, ती माणसाच्या तापापुरतीच असते.

मिस्त्रीला फोन करताना नुसतं 'आवाज येतोय' म्हटलं की तो पॅडच बदलणार. कुठलं चाक, ब्रेक दाबल्यावर वाढतो की थांबतो, फेऱ्याला एकदा की सलग, आणि पत्रा, हब, पिना यांतलं काय काय बघून झालंय, एवढं सांगा.

आणि तुम्हीच काम उरकलं असेल तर गाडी सुरू करून गिअर टाकायच्या आधी पॅडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागं गेलेले असतात, पहिले दोन-तीन ब्रेक हवेतच जातात. दारातून गाडी सरळ समोरच्या कट्ट्यावर चढलेली मी बघितलीय. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा पान्यानं तपासा.